खैऱ्याचे रविवार

मोहटोल्याच्या कोंडवाड्याचे मुन्शी केशोराव यांनी एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटी नोंद केली नव्हती. ही गोष्ट ते स्वतः कुणाला सांगत नसत. सांगायची गरजच नव्हती, ती त्यांच्या तोंडावर दिसायची. माणूस हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत शिरलेलं जनावर कुणी हाकत आणलं की ते आधी भिंतीवरचं घड्याळ बघत, मग जनावराकडे बघत, आणि जमलंच तर शेवटी माणसाकडे. मग रजिस्टर उघडून लिहीत: रंग, शिंगं, खूण, आणणाऱ्याचं नाव, मालकाचं नाव, वेळ. घड्याळ ते रोज चांद्याच्या गाडीच्या शिटीवर लावत आणि गाडीला उशीर झाला तर गाडीचीच चूक धरत. गावातल्या बायका म्हणत, या बाबानं लग्नात नवरीचीसुद्धा खूण लिहून घेतली असेल. त्यावर त्यांची बायको सुलोचनाबाई म्हणायची, "घेतली असती त बरं झालं असतं. निदान एकदा नीट पाह्यलं तरी असतं."

असल्या माणसाच्या गळ्यात १९५७ सालच्या मार्गशीर्षात कोर्टानं एक पोरगी बांधली.

पोरीचं नाव शामकला, वय साडेपाच. बाप सुखराम, दीड कोसावरच्या चिखलटोलीत धानाच्या बांध्या कसणारा. आई रुख्मा ही मोहटोल्याचीच लेक, सरपंच केवळराम यांची धाकटी बहीण. नवराबायकोत मारहाण नव्हती, दारू नव्हती, सवत नव्हती. झालं ते इतकंच, की आदल्या वर्षी धानकापणीच्या ऐन गर्दीत रुख्माची आई आजारी असल्याचा निरोप आला आणि सुखराम म्हणाला, दोन रोज थांब, धान चुरून झालं की मीच खासर जुंपून पोचवतो. रुख्मा थांबली. आई थांबली नाही. रुख्मा माहेरी पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. दिवसकार्य आटोपलं, पण ती परत गेली नाही आणि पोरीलाही जाऊ दिलं नाही.

सुखराम चार वेळा न्यायला आला. चारही वेळा केवळरामनं त्याला ओसरीवरूनच वाटेला लावलं. चौथ्या खेपेला पोरगी आतून "बाबा" म्हणून ओरडली आणि कुणीतरी धाडकन दार लावून घेतलं. सुखराम घरी गेलाच नाही. तो तसाच गोंदियाला गेला, वकिलाकडे.

गोवर्धन वकील बोलायचे हिंदीत, चिडायचे मराठीत आणि अर्ज लिहायचे इंग्रजीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "क्या चाहिए? बीवी या बच्ची?"

"बायको मांगाले तोंड नाही उरलं, साहेब," सुखराम म्हणाला. "चूक माहीच हाये. पोरगी दिसली पाहिजे."

"बाप हो. लड़की अपने पास रखने की अर्जी लगा सकता हूँ."

"नाही. मायपासून तोडाची नाही. हप्त्यातून एकदा पाहू द्या, बस."

वकिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे लोक जमीन मागायला आले होते, बायको मागायला आले होते, दागिने, विहिरी आणि एकदा तर जावईसुद्धा. नुसतं बघायला मिळावं म्हणून आलेला हा पहिलाच. "देखने का मुकदमा," ते स्वतःशीच म्हणाले आणि कागद पुढे ओढला.

जिल्ह्याच्या कोर्टात बापानं पोरीला भेटावं याबद्दल जज्जसाहेबांची कुरकुर नव्हती. सगळं अडलं ते कुठं भेटावं यावर. सुखरामच्या घरी नको, पोरगी परत यायची नाही, असं केवळरामचं म्हणणं. केवळरामच्या घरी नको, भेट व्हायची नाही, असं सुखरामचं. शाळा नको, मास्तर सरपंचाच्या घरी जेवतो. पंचायतीची खोली नको, तिथं सरपंच स्वतःच बसतो. देऊळ नको, ते त्याच्याच आज्यानं बांधलेलं. शेवटी गोवर्धन वकील मराठीत आले. "मग कोंडवाड्यात भेटवा साहेब! या गावात सरपंचाची नसलेली तेवढी एकच जागा उरली आहे!"

साहेब देशावरून नव्यानं बदलून आलेले होते. त्यांनी विचारलं, कोंडवाडा सरकारी आहे काय? आहे. तिथं जबाबदार माणूस असतो काय? असतो. वकिलांचा राग उतरायच्या आत हुकूम लिहून झाला.

हुकूम असा होता: दर रविवारी दहा ते बारा, कोंडवाड्याच्या आवारात, मुन्शीच्या देखत, बापानं मुलीला भेटावं. मुन्शीनं दोघांच्या हजेरीची नोंद ठेवावी. साडेदहापर्यंत भेट सुरू झाली नाही, तर कारण काहीही असो, ती चुकली असं धरावं. वर्षात तीन भेटी चुकल्या की हक्क संपला. ते 'कारण काहीही असो' केवळरामच्या वकिलानं घालून घेतलं होतं. गोवर्धन वकिलांनी त्याला हरकत घेतली होती, पण दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

हुकमाची नक्कल केशोरावांना पोचली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि रजिस्टराला टाचली. पोरीसाठी वेगळं रजिस्टर आलेलं नव्हतं.

पहिल्या रविवारी सुखराम पावणेदहालाच हजर. अंगात धुतलेला सदरा, खिशात मुरमुऱ्याचा लाडू. केवळराम पोरीचा हात धरून आला. कोंडवाड्याच्या बांबूच्या फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी केशोराव उभे होते.

"खोला," सुखराम म्हणाला.

"आज खोलता येत नाही."

"काऊन? हुकूम हाये ना!"

"हुकूम आत भेटण्याचा हाये. आत जाण्याचा नाही." केशोरावांनी खिशातून कोंडवाडे चालवणाऱ्या जनपद सभेचं एक जुनं परिपत्रक काढलं. पूर्वी रविवारी गावची पोरं आत शिरून पाण्याच्या हौदात डुंबत आणि त्यांनी हौद फोडला होता. तेव्हापासून रविवारी, आत जनावर नसेल तर, कोंडवाड्याचं दार कुणासाठीही उघडू नये असा नियम होता. साहेबांना तो ठाऊक नव्हता, वकिलाला ठाऊक नव्हता, आणि केशोरावांना कुणी विचारलं नव्हतं. "आत जनावर असतं त खोललं असतं," ते म्हणाले.

केवळरामला हा प्रकार फार आवडला. तो मोठ्या समाधानानं अर्धा तास थांबला, साडेदहा वाजल्याची खातरजमा करून घेतली आणि पोरीला घेऊन चालता झाला. पोरगी मागे वळून वळून बघत गेली. लाडू सुखरामच्या हातात तसाच राहिला.

केशोरावांनी नोंद केली: भेट झाली नाही. एक चुकली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सुलोचनाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की वरणात मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

पुढच्या रविवारी सुखराम बैल घेऊन आला.

तांबूस रंगाचा, उजवं शिंग जरा खाली झुकलेला, खैऱ्या नावाचा बैल. सुखरामनं तो फाटकापुढं उभा केला आणि सांगितलं, "कोंडा याले."

"कोणाच्या शेतात शिरला?"

"माह्या. लाखोरी खाल्ली."

"मालक कोण?"

"मीच."

केशोरावांनी घड्याळाकडे बघितलं, बैलाकडे बघितलं आणि मग, पहिल्यांदाच वेळ काढून, माणसाकडे बघितलं. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं. कोणाही शेतकऱ्यानं आपल्या शेतात नुकसान करणारं जनावर कोंडवाड्यात आणावं, असं त्यात होतं. ते जनावर दुसऱ्याचंच असावं असं कुठंही नव्हतं. त्यांनी मागची पानंही चाळली, पण तिथंही नव्हतं.

"लाखोरी किती खाल्ली?"

"तीन तोंडं. मी मोजली."

केशोरावांनी कुलूप काढलं. केवळराम पोरीला घेऊन पोचला तेव्हा बैल आत, बाप आत, आणि मुन्शी दाराशी रजिस्टर घेऊन. सरपंचानं एकदा बैलाकडे, एकदा उघड्या कुलपाकडे बघितलं आणि पोरीचा हात सोडला. केशोरावांनी बैलाच्या नोंदीखाली पोरीची नोंद केली. खाने तेच होते, म्हणून लिहिलं: मुलगी एक, रंग सावळा, कपाळावर डावीकडे व्रण, आत दहा वाजून तीन मिनिटं. शिंगांच्या खान्यात त्यांनी आडवी रेघ मारली.

सुखरामनं वकिलांना विचारणा केली की हे कायद्यात बसतं काय. वकिलांचं कार्ड आलं: "हुकम बदलवाने में छह महीने लगेंगे. तब तक बैल ठीक है."

मग दर रविवारी खैऱ्या आपल्याच धन्याच्या शेतात गुन्हा करून यायचा. माघात त्यानं लाखोरी खाल्ली, फाल्गुनात जवस. उन्हाळ्यात रानात काही उरलं नाही, तेव्हा त्यानं सुखरामच्या परसातला भोपळ्याचा वेल खाल्ल्याची नोंद आहे. दंड भरून बारा वाजता सुखराम त्याला सोडवून न्यायचा. होळीनंतर बैलाला वाट इतकी अंगवळणी पडली की तो पुढं आणि माणूस मागं, असे दोघे यायचे.

आत दोन तास काय चालायचं ते बघणं केशोरावांचं कामच होतं. पहिल्या दोन रविवारी पोरगी बापाजवळ गेली नाही, बैलाजवळ गेली. बापाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं, बैलाचं कळत होतं. तिनं त्याला गवत घातलं, त्याच्या कानात बोट घातलं, त्याच्या झुकल्या शिंगाला चिंधी बांधली. सुखराम बैलाच्या पलीकडच्या बाजूला बसून तिला सांगायचा की याला कुठं खाजवलं की हा मान लांब करतो. असं बैलाच्या अंगाला अंग लावत लावत ती पलीकडे केव्हा गेली ते केशोरावांनी रजिस्टरात लिहिलं नाही, पण त्यांना तो रविवार पक्का आठवतो. त्या दिवसापासून घरातली जुनी खाट कोंडवाड्यातल्या कडुनिंबाखाली आली. ती कोणी आणून ठेवली हे सुलोचनाबाईंनी विचारलं नाही, कारण उचलताना दुसरं टोक त्यांच्याच हातात होतं.

केवळराम गप्प बसणारा नव्हता. त्यानं जनपद सभेकडे तक्रार केली. तिकडून उत्तर आलं की कोंडवाड्याचा कारभार नियमाप्रमाणे चालू असून रविवारीही चोख नोंदी होत असल्याबद्दल सभा समाधान व्यक्त करते. मग त्यानं गावची ढोरं चारणाऱ्या गायक्याला ताकीद दिली: रविवारी मोहटोल्याचं एकही जनावर कुणाच्या बांधीत शिरता कामा नये. सुखरामचा बैल नाहीच आला तर दुसऱ्या कुठल्या ढोरानं दार उघडायला नको. त्या वर्षी मोहटोल्यात पिकांची नासाडी सगळ्यात कमी झाली आणि त्याबद्दल सरपंचाचं नाव सभेच्या अहवालात छापून आलं.

दुसरी भेट आषाढात चुकली. रात्रभर पाऊस लागून मधला नाला दुथडी भरला. सुखराम आणि खैऱ्या दुपारपर्यंत पलीकडच्या काठावर भिजत उभे होते, असं मागाहून कळलं. केशोरावांनी लिहिलं: बाप गैरहजर. नाल्याला पूर.

केवळरामनं नोंद वाचली. "मुन्शीजी, पूर लिवाले कोणं सांगतलं? हुकमात हजर की गैरहजर, एवढंच हाये ना?"

केशोरावांनी हुकूम बघितला. तेवढंच होतं. त्यांनी पुरावर रेघ मारली आणि यापुढं विचारलं तेवढंच लिहीन असं सांगितलं. केवळराम बरोबर होता, आणि त्याचा केशोरावांना फार राग आला. नियमानं वागणाऱ्या माणसाचा राग येण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

श्रावणात घटसर्पाची साथ आली. चिखलटोलीत आठवड्यात अकरा जनावरं गेली. ढोरांच्या डॉक्टरानं हुकूम काढला की एका गावचं जनावर दुसऱ्या गावात नेऊ नये.

त्या रविवारी सुखराम साडेनऊलाच आला. एकटा. खांद्यावर रिकामं दावं होतं.

"मुन्शीजी, खैऱ्या गेला."

"केव्हा?"

"गुरवारी."

"किती वाजता?" केशोरावांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सुखराम फाटकाला टेकून बसला. "धानाचा रोवणा चालू होता. चिखलातच बसला. गावात मागून पाह्यलो, कोणी बैल देत नाही, आन देला तरी आणता येत नाही. गोंदियालेही जाऊन आलो. वकीलसाहेब म्हणते, अर्जी लावली हाये, तारीख दिवाळीनंतरची. आजच्या दिवसाचं तुम्हालेच म्हणावं लागते." त्यानं हात जोडले. "खोला ना जी. एक डाव."

"जनावर पाहिजे," केशोराव म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला, पण तो काढायला त्यांना कष्ट पडले.

मागच्या राहत्या खोलीतून सुलोचनाबाई बाहेर आल्या. "आपली शेळी घाला आत."

"मुन्शीले स्वतःचं जनावर घालता येत नाही."

"मंग तुम्हीच जा. शेपूट नाही, एवढंच कमी हाये."

दहा वाजता केवळराम पोरीला घेऊन आला. कुलूप बघितलं, रिकामं दावं बघितलं, आणि फाटकासमोरच्या पारावर ऐसपैस बसला. पोरगी हात सोडवून पळायला लागली तशी त्यानं तिला धरून ठेवलं. "आत भेटाचं हाये. कागदावर आत लिवलं हाये."

"बाबा," पोरीनं तिथूनच विचारलं, "खैऱ्या कुठी हाये?"

सुखरामनं खांद्यावरचं दावं मागं सारलं. "घरी," तो म्हणाला.

केवळरामनं तंबाखू मळायला घेतली. "साडेधा वाजले का सांगा, मुन्शीजी. तिसरी हाये ही."

केशोराव खोलीत जाऊन घड्याळापुढं उभे राहिले. दहा वाजून दहा. घड्याळाची किल्ली खुंटीला टांगलेली होती. लंबक बोटानं धरला तर तो थांबतो, हे त्यांना एकोणीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्यांचा हात काचेपर्यंत गेला. तिथं तो थोडा वेळ राहिला आणि रिकामा परत आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांना सुखरामकडे बघवेना, म्हणून त्यांनी रस्त्याकडे बघितलं.

रस्त्यानं एक गाय येत होती. पांढरी, भारी, सरपंचाच्या गोठ्यातली दुभती गाय. तिच्यामागं काठी घेऊन, डोक्यावर पदर घेतलेली रुख्मा. या आठ महिन्यांत ती एकदाही कोंडवाड्याकडे फिरकली नव्हती. ती सरळ केशोरावांपुढं येऊन उभी राहिली. सुखरामकडे तिनं बघितलं नाही.

"कोंडा हिले. माह्या वाडीत शिरली. कारल्याचा वेल खाल्ला."

केवळराम पारावरून उठला. "हे का लावलंस वो? आपलीच गाय हाये ना थे!"

"गाय तुमची हाये, दादा. वाडी माही हाये. मायनं जाताना मले देली."

तशी ती होती. म्हातारीनं जाताना घरामागचा भाजीचा तुकडा लेकीच्या नावानं सांगून ठेवला होता, आणि खुद्द सरपंचानंच तो पंचायतीच्या कागदावर चढवला होता. केशोरावांना हे माहीत होतं. तरी विचारायचं ते त्यांनी विचारलं. "गाय आपल्या मनानं शिरली का?"

"वाडीचं फाटक खुलं होतं."

"कोणं खोललं?"

रुख्मानं काठी जमिनीवर टेकली. "तुमच्या रजिस्टरात तसा खाना हाये का, मुन्शीजी?"

केशोरावांनी रजिस्टर उघडून बघितलं. एकेका खान्यावर बोट ठेवून बघितलं. "नाही," ते म्हणाले.

"मंग लिवा."

दहा वाजून बावीस मिनिटांनी कुलूप निघालं. गाय आत गेली. तिच्या मागं सुखराम गेला, आणि केवळरामच्या हाताला हिसका देऊन पोरगी गेली.

"याच्यासाठी?" केवळरामचा आवाज चढला. "या माणसासाठी तू भावाची गाय कोंडली?"

"याच्यासाठी नाही," रुख्मा म्हणाली. ती मोठ्यानं बोलली नाही, पण फाटकाच्या आत ऐकू गेलं. "मले यानं दोन रोज थांब म्हणलं होतं. मी थांबली. मायचं तोंड दिसलं नाही मले. थे मी मरेपर्यंत नाही विसरणार. पण माह्या पोरीले मी थांबवत नाही, दादा. तुम्हीही थांबवू नका."

आत सुखरामनं मान खाली घातली. केवळरामनं हातातली तंबाखू झटकून टाकली. आईवेगळा झालेला तोही होताच. पण सरपंच माणूस, असा कसा हटेल? त्याला दुसरी वाट सुचली. "ठीक हाये. मालक मी हावो. मी आताच गाय सोडवतो. काय दंड असल थो घ्या, आन लावा कुलूप."

हा त्याचा हक्क होता. केशोरावांनी मान हलवली. "सोडवा. नोंद पुरी झाली का सोडवा."

आणि ते खाली बसून नोंद करू लागले.

एका जनावराची नोंद करायला केशोरावांना चार मिनिटं लागत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी आधी टाक धुतला. मग दौत स्वच्छ केली. मग आत जाऊन गाईभोवती एक फेरी मारली आणि बाहेर येऊन लिहिलं: गाय, रंग पांढरा. पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. सगळीकडे पांढरा नाही, मागच्या डाव्या खुराच्या वर राखाडी छटा. शिंगं त्यांनी सुतळीनं मोजली, आधी डावं, मग उजवं. मग डावं पुन्हा, कारण दोन्हींत थोडा फरक आला होता. अंगावरचे ठिपके मोजायला घेतले, तेव्हा गाय हलली आणि पहिल्यापासून मोजावे लागले. केवळराम दर थोड्या वेळानं विचारायचा, "झालं का?" केशोराव म्हणायचे, "सरपंचाची गाय हाये. चूक होऊन चालणार नाही." त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

सुलोचनाबाई खोलीच्या दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हसत होत्या की आणखी काही, ते केशोरावांना कळलं नाही. नवऱ्याकडे त्या अशा कधी बघत नसत.

आत कडुनिंबाखाली सुखराम पोरीला खैऱ्याचं सांगत होता. खोटं फार वेळ निभलं नव्हतं. पोरगी आधी रडली नाही. तिनं विचारलं, शिंगाला चिंधी होती काय? होती, तो म्हणाला, चिंधीसकटच पुरला. मग ती रडली, आणि सुखरामही रडला, आणि गाय दोघांकडे बघत रवंथ करत उभी राहिली. बऱ्याच वेळानं पोरीनं बापाच्या खांद्यावरचं दावं काढून घेतलं आणि मामाच्या गाईच्या गळ्यात घातलं. गाठ तिला जमेना, ती सुखरामनं मारून दिली.

रुख्मा फाटकाशी उभी होती. घरी गेली नव्हती, आतही आली नव्हती. एक हात बांबूवर ठेवून ती पोरीला बघत होती. सुखराम एकदा उठून अर्ध्यापर्यंत आला.

"रुख्मा," तो म्हणाला, "मी चुकलो."

"माहीत हाये," ती म्हणाली. "पोरीजवळ बसा. वेळ जाऊन राहिला."

तो परत जाऊन बसला.

केशोरावांची नोंद पुरी झाली. दीड पान झालं होतं. एकोणीस वर्षांत एवढी मोठी नोंद कुठल्याही जनावराच्या वाट्याला आली नव्हती. केवळरामनं सही केली, दंड भरला आणि आपली गाय सोडवून घेतली. गळ्यातलं दावं काढायला त्यानं हात घातला, पोरीकडे बघितलं, आणि ते तसंच राहू दिलं.

शेऱ्याचा खाना राहिला होता. केशोरावांनी लिहिलं: बाप हजर. मुलगी हजर. हुकमात विचारलं होतं ते एवढंच. त्यांनी टाक खाली ठेवला, फाटकाकडे बघितलं आणि तो पुन्हा उचलला. जागा थोडी उरली होती, अक्षर बारीक काढावं लागलं. त्यांनी लिहिलं: आई हजर.

मग घड्याळ बघून सुटकेची वेळ टाकली, बारा वाजून सात मिनिटं. सात मिनिटं हुकमापेक्षा जास्त झाली होती, तीही त्यांनी लिहून ठेवली.